ओसरीवरून : वाचील तो विजयी

गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस सोलापुराहून एका साहित्यसभेचें निमंत्रण आमच्या मंद्रूपच्या घरीं आलें. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो, आणि त्या आठवड्यांत शहरोशहरीं व्याख्यानें, कविसंमेलनें, ग्रंथदिंड्या यांची नुसती दाटी होते, हें वाचकांस ठाऊकच आहे. या सभेंत एक नामांकित लेखक आपली कथा स्वतः वाचून दाखविणार होते. आमच्या घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें. त्यांतून कोणी जावें याचा खल रात्रीं जेवतांना सुरू झाला. ज्वारीची काढणी तोंडावर आलेली, मुलांच्या परीक्षा जवळ, आणि गाडींत जागा चौघांची. नांवें ठरत आलीं होतीं, इतक्यांत माजघराच्या उंबऱ्याजवळ बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "मलाहि न्या."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या भगिनी. वय चौऱ्यायशी. सासर भीमेपलीकडचें, इंडीचें. वैधव्य आल्यावर त्या माहेरीं परत आल्या, त्यालाहि आतां चाळीस वर्षें होऊन गेलीं. गेल्या तीन वर्षांत त्यांची दृष्टि इतकी मंदावली आहे कीं, समोरच्या माणसाची केवळ आकृति त्यांस दिसते. अक्षर तर मुळींच दिसत नाहीं. विकार डोळ्यांच्या पडद्याचा असल्यामुळें चष्म्याचा उपयोग नाहीं, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें आहे. माझ्या धाकट्या जावेनें हळूच विचारलें, "आत्याबाई, तिथें तुम्हांला दिसणार काय?" त्या शांतपणें म्हणाल्या, "अग, ते वाचणार आहेत ना? मला बघायचें कुठें आहे? मला ऐकायचें आहे." यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. माझ्या मनाला मात्र तें वाक्य कोठें तरी बोचलें. कां बोचलें, तें पुढें सांगेन.

ठरल्या दिवशीं आम्ही चौघीं निघालों. विजापूर रस्त्याच्या दोहों अंगांस ज्वारी पिवळी पडून उभी होती. आत्याबाईंनीं कांच खालीं करावयास लावली, आणि आम्हां डोळस माणसांच्या आधीं त्याच म्हणाल्या, "काढणी लागली वाटतें." एका रानांत खरोखरच ज्वारी उपटून पसरली होती, ओल्या मातीचा नि ताटांचा वास वाऱ्यावर येत होता.

पत्रिकेवर सायंकाळचे साडेपांच छापले होते; सभा सवासहास सुरू झाली. दीपप्रज्वलन झालें, स्वागतगीत झालें, प्रास्ताविक झालें. पाहुण्यांची ओळख करून देण्यांत आली, आणि ओळख करून देणाऱ्या गृहस्थांचीहि कोणी तरी ओळख करून दिली. मग शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. मग देणगीदारांचा सत्कार. मग ज्यांचा सत्कार राहून गेला होता त्यांचा सत्कार. सभेचें नांव मी येथें मुद्दामच देत नाहीं, कारण हें दुखणें एकट्या त्या सभेचें नाहीं. परंतु घड्याळ समोरच होतें म्हणून सांगतें : दोन तासांच्या त्या सभेंत, ज्यांना ऐकण्यासाठीं आम्ही सारीं आलों होतों त्या लेखकांच्या वाट्यास पंचवीस मिनिटें आलीं. आत्याबाई माझ्या कानाशीं लागून म्हणाल्या, "पूर्वीं पुराणिकबुवांना यायला उशीर झाला, तर लोक ताटकळत. इथें बुवा येऊन बसलेत, नि पोथीच सुटत नाहीं!"

परंतु तीं पंचवीस मिनिटें! लेखकांनीं एक छोटीशी कथा वाचली. मुलगा नोकरीसाठीं परगांवीं निघाला आहे आणि आई त्याला निरोप देते आहे, एवढीच तिची हकीकत. ही कथा मीं पूर्वीं एका दिवाळी अंकांत वाचली होती, आणि खरें सांगावयाचें तर विसरूनहि गेलें होतें. तींत एके ठिकाणीं मुलगा म्हणतो, आतां दिवाळीलाच येईन. आणि आई म्हणते, बरें. छापील पानावर त्या शब्दापुढें एक पूर्णविराम आहे, बाकी कांहीं नाहीं. लेखकांनीं तो शब्द उच्चारला आणि ते थांबले. तीन-चार क्षणच थांबले असतील. पण तेवढ्यांत त्या माउलीनें काय काय गिळलें, तें साऱ्या सभागृहाला कळलें. आत्याबाईंनीं माझा हात घट्ट दाबला.

घरीं आपण वाचतों तेव्हां डोळे धांवत असतात. गोष्टींत पुढें काय झालें याची घाई असते. चार ओळी गाळल्या तरी कोणी विचारणारें नसतें. ऐकणाऱ्यास ही मोकळीक नाहीं. वाचणाऱ्याच्या पावलांनीं त्याला चालावें लागतें, आणि वाचणारा थांबला कीं थांबावें लागतें. म्हणून जें आपल्या डोळ्यांतून निसटलें तें कानांत सांपडतें. लेखक स्वतः वाचीत असेल तर त्यानें कोणत्या शब्दावर भार दिला होता, कोठें श्वास घेतला होता, हेंहि उमगतें. लेखकास डोळ्यांनीं पाहण्यापेक्षां हा लाभ मला मोठा वाटतो. त्याची टोपी, त्याचा सदरा, त्याच्याबरोबर काढलेलें छायाचित्र, हें सारें दुसऱ्या दिवशीं शिळें होतें.

सभागृहाबाहेर पुस्तकांचें टेबल मांडलें होतें. आत्याबाईंनीं कमरेच्या पिशवींतून पैसे काढून त्या कथांचें पुस्तक विकत घेतलें आणि लेखकांपुढें सहीसाठीं धरलें. लेखकांनीं आदबीनें विचारलें, "आजी, कोणाच्या नांवें लिहूं?" त्या म्हणाल्या, "माझ्याच लिहा. वाचील कोणी तरी."

परततांना अंधारांत मी याच गोष्टीचा विचार करीत होतें. लेखकानें आपलें लिखाण लोकांपुढें बसून वाचावें, ही रीत आपल्याकडे आली कोठून? जयपूरचा साहित्योत्सव २००६ सालीं सुरू झाला आणि तेव्हांपासून हें नवें वारें आलें, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु याचें उत्तर आमच्या मंद्रूपपासून फार लांब नाहीं. आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यांत, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग-कुडल म्हणून प्राचीन देवळांचें ठिकाण आहे. तेथें शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा एक मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनीं तो उजेडांत आणला, आणि मराठीच्या अगदी आद्य लेखांत आज त्याची गणना होते. त्याच्या शेवटीं एक शुभेच्छा कोरलेली आहे. तिचा भाव असा कीं, जो हें वाचील तो विजयी होईल.

छापखाना नाहीं, ग्रंथालय नाहीं, अक्षर ओळखणारा गांवांत एखादाच, अशा काळांतला हा आशीर्वाद आहे. तो वाचणारा एकटाच मनांतल्या मनांत वाचून घरीं गेला असेल, असें मला वाटत नाहीं. दगडापुढें उभा राहून एकानें मोठ्यानें वाचावें आणि भोंवतीं जमलेल्यांनीं ऐकावें, असेंच चित्र माझ्या डोळ्यांपुढें येतें. आपला 'वाचणें' हा शब्दहि हेंच सांगतो. संस्कृतांत 'वच्' म्हणजे बोलणें. त्याचें प्रयोजक रूप 'वाचयति', म्हणजे बोलावयास लावतो. लिहिलेल्यास बोलतें करणें, तें वाचणें. मुक्यानें वाचण्याची संवय आपणांस मागाहून लागली.

आमच्या या सोलापूर जिल्ह्यालाच याचा मोठा वारसा आहे. सांगोल्याकडच्या नाझऱ्याचे श्रीधर यांचे हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत हे ग्रंथ घरोघरीं पोंचले ते कोणी एकट्यानें कोपऱ्यांत बसून वाचले म्हणून नव्हे. चातुर्मासांत कोणी तरी ते मोठ्यानें वाचले आणि बाकीच्यांनीं ऐकले म्हणून. सोलापूरचे राम जोशी चांगल्या विद्वान् ब्राह्मण घरांतले. परंतु मन तमाशाच्या फडांत, म्हणून वडील बंधूंनीं त्यांस घराबाहेर काढलें, अशी कथा आहे. पुढें त्यांनीं पंढरपुरास शास्त्राध्ययन केलें, लावण्या रचल्या, कीर्तनेंहि केलीं, आणि बारामतीच्या मोरोपंतांच्या आर्या त्या कीर्तनांतून लोकांच्या कानीं घातल्या. पंतांच्या पंडिती रचनेस बाजारपेठेंतल्या श्रोत्यांपर्यंत नेणारा आवाज एका शाहिराचा होता, हें आपण लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मग छापील पुस्तकाचें युग आलें, तरी ही रीत बुडाली नाहीं; तिनें रूप बदललें. १८७५ सालीं पुण्यास रानड्यांच्या प्रेरणेनें वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ११ मे १८७८ रोजीं रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकारानें ग्रंथकारांची पहिली सभा भरली. आजचें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिचेंच वाढलेलें रूप होय. १९२३ सालीं स्थापन झालेल्या रविकिरण मंडळांतील यशवंत, गिरीश आदि कवींनीं आपल्या कविता व्यासपीठावरून गाऊन दाखविल्या आणि काव्यगायनाची आवड महाराष्ट्रभर पसरविली. स्वातंत्र्यानंतर विंदा करंदीकर, वसंत बापट व मंगेश पाडगांवकर यांनीं काव्यवाचनानें, आणि शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर व द. मा. मिरासदार यांनीं कथाकथनानें गांवोगांवचीं पटांगणें भरविलीं. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनीं तर स्वतःचें कांहीं न वाचतां बोरकर आणि मर्ढेकर यांच्या कविता वाचून दाखविल्या. दुसऱ्याच्या शब्दांस आपला आवाज द्यावा, याहून मोठी रसिकता ती कोणती?

खुद्द सोलापुरास १९४१ सालीं साहित्यसंमेलन भरलें; अध्यक्ष होते वि. स. खांडेकर. आत्याबाईंचा जन्म त्याच वर्षाचा. आमचे आजेसासरे मंद्रूपहून तें ऐकावयास गेले होते, आणि परत आल्यावर त्यांनीं खांडेकरांची 'उल्का' रोज रात्रीं थोडी थोडी माजघरांत वाचून दाखविली, असें आत्याबाई आपल्या आईच्या तोंडून ऐकलेलें सांगतात. संमेलनास घरांतला एकच माणूस गेला. पण संमेलन सगळ्या घराला घडलें! खांडेकरांची दृष्टि पहिल्यापासून अधू, आणि अखेरच्या वर्षांत तर ती गेलीच. १९७४ चें ज्ञानपीठ पारितोषिक ज्यांना 'ययाति'साठीं मिळालें, ते आयुष्याच्या शेवटीं दुसऱ्याच्या डोळ्यांनीं वाचीत आणि दुसऱ्याच्या हातानें लिहीत. कोणी वाचून दाखविणारें नसतें, तर त्यांचें काय झालें असतें?

या वैभवशाली इतिहासांतली एक गोष्ट मात्र आपल्यासारखीं घरें सोयिस्करपणें विसरतात. १८८५ सालीं ग्रंथकारांची दुसरी सभा पुण्यास भरावयाची होती. तिच्यासाठीं रानड्यांनीं जोतीराव फुले यांस बोलाविलें, आणि जोतीरावांनीं पत्र लिहून येण्यास नकार दिला. त्यांच्या पत्राचा मथितार्थ असा होता कीं, सर्व मनुष्यांच्या मानवी हक्कांचा जे खरोखर विचार करीत नाहींत आणि आपल्या वर्तनानें ते देत नाहींत, त्यांच्या सभांशीं व पुस्तकांशीं आमचा मेळ बसावयाचा नाहीं. आम्हां शूद्रातिशूद्रांना काय सोसावें लागतें हें त्यांना कळलेलें नाहीं. पत्राची भाषा कडक आहे. मीं तें प्रथम वाचलें तेव्हां मलाहि तें कडू लागलें होतें. साहित्यासारख्या निर्मळ कामांत असा दुरावा कशाला, असें तेव्हां वाटलें होतें. या वर्षीं आमच्या ओसरीवर जें घडलें त्यानंतर मात्र तें पत्र मला निराळें दिसूं लागलें.

तें असें घडलें. सोलापुराहून आल्यावर तें सहीचें पुस्तक आत्याबाईंच्या उशाशीं पडून राहिलें. एक आठवडा गेला, दोन गेले. मी रोज अंथरूण आवरतांना तें उचलून पुन्हां जागेवर ठेवीत होतें. घरांत आम्ही सारीं शिकलेलीं. दोघे पदवीधर, एक इंजिनियर, एक शिक्षिका. आणि प्रस्तुत लेखिका तर या सदरांतून आपणां सर्वांस वाचनाचे धडे देत असते. पण त्या अकरा माणसांतून एकालाहि अर्धा तास सांपडला नाहीं. कोणी त्यांस मोबाइलवर पुस्तकें ऐकावयाची सोय करून दिली. त्यांनीं दोन दिवस ऐकलें आणि यंत्र बाजूला ठेवलें. "आवाज गोड आहे ग. पण मी हंसलें, तर त्याला कळत नाहीं," असें म्हणाल्या. त्यांनीं स्वतः होऊन कोणाजवळ वाचून दाखविण्याचें मागणें केलें नाहीं. एके दुपारीं मी सहज आंत गेलें, तर त्या पुस्तक मांडीवर उघडें ठेवून पानावरून बोटें फिरवीत होत्या. सभेला जाण्यापूर्वीं त्यांचें जें वाक्य मला बोचलें होतें, तें याचसाठीं बोचलें होतें. ज्या बाईनें या घरांत चाळीस वर्षें श्रावणांत पोथी वाचली, बाळंतिणींना गोष्टी वाचून दाखविल्या, आम्हां सुनांना कादंबऱ्यांची गोडी लावली, तिला ऐकण्यासाठीं शहरांतल्या सभेला जावें लागलें. कारण घरांत तिला कोणी ऐकवीत नव्हतें.

हें मी मनाशीं कबूल केलें. पण तरीहि कामाच्या रगाड्यांत त्या दिवशीं मी बसलें नाहींच. बसली ती दुसरीच. आमच्या रानांत तीन पिढ्या काम करीत आलेल्या घरची एक मुलगी आहे, यंदा नववींत. ज्वारीच्या पोत्यांचा हिशेब लिहिलेला कागद घेऊन ती एका संध्याकाळीं आली आणि रीतीप्रमाणें अंगणांत उभी राहिली. आत्याबाईंनीं आवाज ओळखून विचारलें, "तुला वाचायला येतें ना ग? ये, दोन पानें वाच." ती तेथूनच हात पुढें करून पुस्तक मागूं लागली. आत्याबाई म्हणाल्या, "तिथें कशाला? वर ये. माझ्याजवळ बस."

ती ओसरीवर येऊन बसली आणि वाचूं लागली. तिच्या घरची भाषा कानडी. तिच्या मराठीला कानडीचा हेल आहे. जोडाक्षराशीं ती अडे, आत्याबाई तें सावकाश फोडून सांगत. हेल फारच आला म्हणजे दोघीहि कानडींत कांहीं तरी बोलून हंसत. मी स्वयंपाकघरांतून ऐकत होतें. कथा तीच होती. वाचतां वाचतां तो निरोपाचा प्रसंग आला. मुलगा म्हणाला, आतां दिवाळीलाच येईन. आईनें म्हटलें, बरें. आणि ती मुलगी थांबली.

तिला कोणी थांबावयास सांगितलें नव्हतें. ती त्या सभेला आलेली नव्हती. तिचा बाप पुण्याकडे बांधकामावर असतो, आणि दिवाळीलाच घरीं येतो.

थोड्या वेळानें तिनें पुढचें पान वाचलें. पुस्तक मिटल्यावर ती म्हणाली, "आज्जी, आमचा आज्जा सांगतो, तुम्ही श्रावणांत पोथी वाचायच्या तेव्हां तो अंगणांत बसून ऐकायचा. त्याला सगळी येते." आत्याबाई बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "तो अंगणांत बसायचा, हें मला कधीं दिसलेंच नाहीं. आणि तेव्हां माझे डोळे चांगले होते."

वाचकहो, जोतीरावांच्या पत्राचा अर्थ मला त्या संध्याकाळीं लागला. आपल्या घरांतून वाचन होत होतें, पोथ्या होत होत्या. आपण कोणाचे कान झांकले नव्हते, असें आपण म्हणूं शकतों. परंतु ऐकणारा कोठें बसला आहे, हें आपण पाहिलें नाहीं. त्यालाहि वाचावयाचें असेल, त्याच्याहि घरीं सांगण्यासारखी गोष्ट असेल, हें मनांतहि आणलें नाहीं. साहित्याच्या सभेचा खरा प्रश्न व्यासपीठावर कोण बसलें हा एकटाच नाहीं. समोर कोण बसलें, कोण बाहेर राहिलें, आणि ऐकून घरीं गेलेल्यानें पुढें कोणाला ऐकविलें, हा आहे. २०२५ च्या फेब्रुवारींत दिल्लीस भरलेल्या ९८ व्या संमेलनाच्या अध्यक्ष डॉ. तारा भवाळकर होत्या. लोकसाहित्य आणि स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. ज्या बायकांना अक्षर ठाऊक नव्हतें त्यांनीं आपलें वाङ्मय एकमेकींच्या कानांत सांभाळून ठेवलें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. त्या अभिमानांत या बायकांचा वाटा निम्म्याहून कमी नाहीं.

आतां दोन शब्द व्यवहाराचे. सभा भरविणाऱ्या मंडळींस माझी नम्र विनंति अशी कीं, सत्कार जरूर करावे, पण वाचनानंतर करावे. लेखक बोलाविला असेल तर त्याला निदान एक तास वाचूं द्यावें. पुढच्या दोन रांगा पाहुण्यांऐवजीं वृद्धांसाठीं ठेवाव्या. त्यांना ऐकूं येण्याची गरज अधिक असते. आणि शहरांतली सभा आटोपली कीं दुसऱ्या दिवशीं त्याच लेखकास आसपासच्या एखाद्या गांवच्या शाळेंत न्यावें. सोलापूरपासून मंद्रूप तासाभराच्या आंतलें आहे. पण गेल्या कित्येक वर्षांत सोलापुरास आलेल्या किती लेखकांनीं तें अंतर तोडलें?

घराघरांतील भगिनींस सांगणें त्याहून सोपें आहे. आठवड्यांतून दोन वार नेमावे आणि दिवेलागणीनंतर अर्धा तास वाचावें. त्याहून अधिक नको, म्हणजे पुढच्या वेळची ओढ राहते. आरंभ कादंबरीनें करूं नये. एका बैठकींत संपेल अशी कथा घ्यावी. वाचणारा पाळीपाळीनें बदलावा, आणि लहान मूल अडखळलें तर चारचौघांत टोकूं नये. वाचन संपल्यावर तात्पर्य सांगण्याचा मोह टाळावा. मीहि तो मोठ्या कष्टानें टाळतें. आणि जो कोणी ऐकावयास येईल, त्याला सर्वांच्याच सतरंजीवर जागा द्यावी.

आमच्या घरीं आतां गुरुवार आणि रविवार ठरले आहेत. ती मुलगी एक दिवस वाचते, एक दिवस घरांतलें कोणी. तिच्या अभ्यासाचा वेळ मोडूं नये म्हणून आत्याबाईंनीं तिच्या मराठी व्याकरणाची जबाबदारी घेतली आहे, आणि समास विग्रह करून घेतांना त्या मुळींच सवलत देत नाहींत. पहिल्या दिवशीं आमचे मामंजी आंतल्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत बसले होते. चौथ्या दिवशीं त्यांची खुर्ची दारापर्यंत सरकली. आतां ती ओसरीवरच असते. मागल्या रविवारीं मुलीचा आजा आला होता. तो सवयीनें अंगणांतल्या पायरीवर बसला. आत्याबाईंनीं त्याला वर बोलाविलें. तो उठला नाहीं. तेव्हां त्या भिंत चांचपडत, माझा हात धरून, पायरीपर्यंत गेल्या आणि त्याच्याशेजारीं बसल्या. त्या दिवशींचें वाचन सर्वांनीं अंगणांत बसून ऐकलें.

कुडलच्या त्या लेखाविषयीं मीं त्या रात्रीं आत्याबाईंना सांगितलें. त्यांनीं विचारलें, "वाचील तो विजयी, असेंच आहे ना? कोणी वाचील, तें लिहिलेलें नाहीं ना?"

मीं म्हटलें, "नाहीं, आत्याबाई. तें लिहिलेलें नाहीं."